दोन पावले पुढे

माझ्या लहानपणी आमच्या वसईच्या वाडीत वीज आलेली नव्हती. संध्याकाळची प्रार्थना आटोपून देवळातून घरी परतायचे म्हणजे केळीच्या बागांमधून, पाटाच्या कडेकडेने वाट. वडील बरोबर असले की कंदील त्यांच्या हाती असे. ते लांब ढांगा टाकीत पुढे निघून जात. कंदील दूर कुठे तरी काजव्यासारखा हले आणि मी मागे अंधारात ठेचा खात राही. थोरल्या भावाचे तसे नव्हते. तो माझ्याहून चारच वर्षांनी मोठा. तो दोन पावले पुढे चाले, दोनच. त्याच्या पायांवर पडणारा उजेड माझ्याही पायांवर पडे. शिवाय वाटेतल्या ज्या दगडाला मी ठेचाळणार, त्याला तो स्वतः परवापरवापर्यंत ठेचाळत होता. तेव्हा नेमके कोठे थांबून ‘सांभाळ’ म्हणायचे हे त्याला बरोबर ठाऊक असे.

पंचाहत्तरी गाठल्यावर, सातासमुद्रापलीकडे, कॅलिफोर्नियातल्या एका डोंगराच्या कुशीत मला ह्या कंदिलाची आठवण व्हावी, ह्याला कारण माझी नात.

माझा मुलगा गेली तीस वर्षे तिकडे आहे. इंजिनिअर आहे, सूनही नोकरी करते. घरात कसली ददात नाही. तीनएक वर्षांपूर्वी एके रात्री त्याचा फोन आला. आवाज चढलेला. “बाबा, तुमच्या नातीला समजवा जरा. कॉम्प्युटरच्या चांगल्या कॉलेजात सहज प्रवेश मिळेल तिला, आणि ही म्हणते, टॉमस अक्वायनस कॉलेजात जाणार!”

“तेथे काय शिकवितात?” मी विचारले.

“तेच तर! विचारले तर म्हणते, ‘सगळे.’ नोकरी कोणती मिळेल, तर म्हणते, ‘मग बघू.’”

वाचकहो, तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी असा फोन, असाच आवाज, ह्याच नाही तर दुसऱ्या एखाद्या कॉलेजावरून झाला असेल. आजोबांचे कर्तव्य म्हणून मी नातीशी बोललो. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकविलेला माणूस. आकडेमोडीची भाषा मला अवगत. फी किती, वर्षे किती, पुढे पगार किती, हे सारे तिच्यापुढे मांडले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “आजोबा, तुम्ही पस्तीस वर्षे भूमिती शिकवलीत. युक्लिड कधी वाचलात?”

मी गप्प झालो. युक्लिडचे नाव मी हजारदा घेतले असेल. त्याचे पुस्तक मात्र उघडलेले नव्हते.

एकच अभ्यासक्रम, सर्वांना

ती त्या कॉलेजात गेली. ज्या उन्हाळी वर्गामुळे तिच्या डोक्यात हे खूळ शिरले, त्याच वर्गाची ती गेल्या उन्हाळ्यात सोबती झाली. मी तेव्हा मुलाकडेच होतो. वर्ग सुरू होण्यापूर्वीच ती तिकडे गेली होती; एक पिशवी घरी विसरली होती. ती पोचवायच्या निमित्ताने, मुले येण्याच्या दिवशीच, आम्ही बाप-लेक मोटारीने निघालो.

लॉस एंजलीसच्या वायव्येला शंभरएक किलोमीटरवर सांता पॉला नावाचे टुमदार गाव आहे. भोवती लिंबा-संत्र्यांच्या आणि अव्होकॅडोच्या बागा. गावातून डोंगराकडे जाणारा नागमोडी रस्ता धरला की काही मैलांवर कॉलेज लागते. तोच रस्ता पुढे ओहायला जातो. तेथे १९२२ पासून जे. कृष्णमूर्ती येऊन राहात आणि १९८६ मध्ये तेथेच त्यांनी देह ठेवला. ‘मला गुरू करू नका’ असे जन्मभर सांगणाऱ्या माणसाचे गाव शेजारी असावे, ही गंमत मला त्या दिवशी नुसतीच वाटली; तिचा अर्थ पुढे लागला.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना ओक वृक्ष. काहींची खोडे अजून काळवंडलेली होती. ४ डिसेंबर २०१७ च्या संध्याकाळी ह्याच खोऱ्यात वणवा पेटला. कॉलेजाच्या जवळ पेटला म्हणून त्याला नावच ‘टॉमस फायर’ असे पडले. त्याने २,८१,८९३ एकर जमीन जाळली. त्या दिवसापर्यंतच्या कॅलिफोर्नियाच्या नोंदींतला तो सर्वांत मोठा वणवा होता. विद्यार्थ्यांना रातोरात बाहेर काढावे लागले, पण इमारती वाचल्या. आता काळ्या खोडांवर हिरवी पालवी होती.

ह्या कॉलेजाची स्थापना १९७१ ची. आरंभी ते कॅलाबॅसस गावी भाड्याच्या जागेत भरे. १९७८ मध्ये सांता पॉलाजवळच्या ह्या जुन्या मळ्याच्या जागेवर आले. २०१९ पासून मॅसॅच्युसेट्स राज्यात नॉर्थफील्ड येथे त्याची दुसरी शाखाही आहे. कॉलेज कॅथलिक पंथाचे, आणि तेराव्या शतकातल्या ज्या संत टॉमस अक्वायनसचे नाव त्याने धारण केले आहे त्याची ओळख सांगायची तर, आपल्याकडचे भाष्यकार जसे आधी पूर्वपक्ष मांडतात आणि मग उत्तरपक्ष, तसेच ह्याचे लिहिणे. विरोधकाचे म्हणणे आधी, स्वतःचे मागाहून.

आपल्याला नवल वाटावे अशी गोष्ट पुढेच आहे. येथे कला, विज्ञान, वाणिज्य अशा शाखा नाहीत. ऐच्छिक विषय नाहीत. चार वर्षे सर्वांना एकच अभ्यासक्रम. क्रमिक पुस्तके नाहीत. मूळ ग्रंथच हाती घ्यायचे. होमर, प्लेटो, ॲरिस्टॉटल, युक्लिड, टॉलेमी, कोपर्निकस, न्यूटन, आणि चौथ्या वर्षी आइन्स्टाइन. जोडीला लॅटिन, संगीत, प्रयोगशाळा आणि धर्मशास्त्र. व्याख्यानेही नाहीत. एका लांबरुंद टेबलाभोवती पंधरा-वीस मुले बसतात, शिक्षकही त्यांच्यातच बसतो. त्याला प्राध्यापक म्हणत नाहीत, ‘ट्यूटर’ म्हणतात. तो प्रश्न टाकतो आणि मुले बोलतात. बोलताना एकमेकांना मिस्टर अमुक, मिस तमुक अशी आडनावाने हाक मारतात. अठरा वर्षांची पोरे एकमेकांना ‘मिस्टर’ म्हणतात हे ऐकून मला प्रथम हसू आले. मग वाटले, वादात पारा चढू नये म्हणून ही युक्ती वाईट नाही.

हा विचार ह्याच कॉलेजाचा आहे असे मात्र नव्हे. मेरीलंडमधल्या ॲनापोलिसच्या सेंट जॉन्स कॉलेजाने १९३७ मध्ये अशीच थोर ग्रंथांची वाट धरली होती. तेथे तो अभ्यासक्रम धर्मनिरपेक्ष होता. येथे तो श्रद्धेच्या अंगाने चालतो आणि तास प्रार्थनेने सुरू होतो, एवढा फरक. ग्रंथांची यादी जवळजवळ सगळी पश्चिमेची. ‘गीता नाही का गं तुमच्यात?’ असे मी नातीला विचारले होते. ती म्हणाली, “नाही, आजोबा. ती माझी मला वाचावी लागेल.” उत्तर प्रामाणिक होते. मी अधिक ताणले नाही.

प्रिफेक्ट म्हणजे कोण?

उन्हाळ्यात हे कॉलेज शाळकरी मुलांसाठी दोन आठवड्यांचा वर्ग भरविते. शाळेचे शेवटचे वर्ष ज्यांचे उरले आहे अशी, सोळा-सतरा वर्षांची मुले-मुली येतात. वसतिगृहात राहतात, आणि सोफोक्लीस, प्लेटो, शेक्सपिअर, युक्लिड ह्यांची थोडी थोडी चव घेतात. शिकविण्याचे काम ट्यूटर मंडळी करतात. उरलेले सगळे काम कॉलेजाच्या निवडक विद्यार्थ्यांकडे. त्यांना ‘प्रिफेक्ट’ म्हणतात. मी मनातल्या मनात ‘सोबती’ म्हणू लागलो.

पिशवी घेऊन आम्ही पोचलो तेव्हा मुले येत होती. कोणी आईबापांबरोबर मोटारीने, कोणी विमानतळावरून गटाने. माझी नात, जिला घरी स्वतःचा कप विसळायचा कंटाळा, ती दोन्ही हातांत परक्या मुलींच्या बॅगा घेऊन जिना चढत होती. कोणाला खोली दाखवीत होती, कोणाचे नाव दुसरीला सांगत होती, एका रडवेल्या आईला, “काळजी करू नका, मी त्याच मजल्यावर झोपते,” असे सांगत होती. मला पाहून तिने हात हलविला. थांबायला वेळ नव्हता.

“ह्याला पगार किती देतात?” मुलाने परतताना मला विचारले.

“मी विचारले नाही,” मी म्हणालो. पण प्रश्न माझ्याही मनात होता, हे लपवीत नाही.

सोबत्यांचा दिवस पहाटे सुरू होतो, हे नातीने मागाहून सांगितले. मुलींना उठवायचे, जेवणाच्या वेळा सांभाळायच्या, संध्याकाळच्या अभ्यासाला बसवायचे, खेळ घ्यायचे, डोंगर चढायला न्यायचे, सहलीत डोकी मोजायची, कोणाला ताप आला तर उशाशी बसायचे, आणि रात्री दिवे मालवले की कुजबुज थांबवायची. ह्यात थोर ग्रंथांचा संबंध कोठे येतो, असे मी विचारले. ती म्हणाली, “तास संपल्यावरच येतो, आजोबा. तासाला कोणी तरी जे बोललेले असते ते मुली खोलीत घेऊन येतात.”

‘मेंटर’ हा शब्द हल्ली आपल्याकडे कंपन्यांच्या कचेऱ्यांतूनही ऐकू येतो. तो होमरच्या ‘ओडिसी’मधला, हे मला नातीनेच सांगितले. ओडिसियस युद्धावर गेलेला, वीस वर्षे परतलेला नाही. त्याचा मुलगा टेलेमॅकस घरी, गोंधळलेला. मेंटर हा ओडिसियसचा जुना मित्र. अथीना देवी त्याचे रूप घेऊन येते आणि मुलाला बापाच्या शोधात समुद्रावर काढते. ती त्याला बाप कोठे आहे ते सांगत नाही. देवी असल्याने तिला ते ठाऊक असते. ती फक्त जहाजाची सोय करते आणि बरोबर जाते.

गाढवांचा पूल

आता ज्या प्रसंगासाठी हे लिहावयास बसलो तो सांगतो.

नातीच्या मजल्यावर एक मुलगी होती. मध्य अमेरिकेतल्या शेतकरी घरातली, नऊ भावंडांपैकी चौथी. शाळेत कधी गेली नव्हती. आईच घरी शिकवी. तिकडे अशी कुटुंबे पुष्कळ आहेत. घराबाहेर एकटी राहण्याची तिची ही पहिलीच खेप. तासाला ती तोंड उघडत नसे. तशात युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातले पाचवे प्रमेय फळ्यावर सिद्ध करून दाखविण्याची पाळी तिच्यावर आली.

हे प्रमेय तुम्ही सर्वांनी शाळेत केलेले आहे. समद्विभुज त्रिकोणाच्या पायाचे कोन समान असतात, ते हे. युरोपात ह्याला ‘गाढवांचा पूल’ म्हणत आले आहेत. ज्याला हा पूल ओलांडवत नाही त्याने पुढच्या भूमितीची आशा सोडावी, असा अर्थ. आपल्या पुस्तकात ह्याची सिद्धता दोन मिनिटांची. शिरोबिंदूपाशी कोनदुभाजक काढायचा, त्रिकोणाचे दोन तुकडे करायचे, ते एकरूप दाखवायचे, संपले. युक्लिड तसे करीत नाही. तो त्रिकोणाच्या दोन्ही समान बाजू पायाच्या खाली लांबवितो, त्यांवर दोन बिंदू घेतो, आडव्या रेषा ओढतो, बाहेर दोन मोठे आणि दोन लहान त्रिकोण उभे करतो, आणि एवढा द्राविडी प्राणायाम करून मग आतल्या कोनांवर येतो.

मुलीने सगळे पाठ केले होते. फळ्यापाशी गेली, आकृती काढली, चार ओळी म्हणाली आणि अडली. पुढचे अक्षर आठवेना. कोणी हसले नाही, कोणी टोकले नाही. पण सतरा वर्षांच्या मुलीला गप्प बसलेल्या पंधरा माणसांइतके भयंकर काही नसते. खडू ठेवून ती जागेवर जाऊन बसली. ट्यूटरने उद्या पुन्हा पाहू म्हटले.

रात्री दिवे मालवण्याच्या वेळी माझी नात मजल्यावरून फिरत होती. ही मुलगी जिन्याच्या पायरीवर बॅग भरून बसलेली. “उद्या सकाळी घरी फोन करणार. बाबा येऊन नेतील.”

नात तिच्या शेजारी बसली. तिला ते प्रमेय येत होते. पहिल्या वर्षी तिने ते ह्याच कॉलेजात फळ्यावर केले होते. पाच मिनिटांत समजावून देता आले असते, आणि मी तिच्या जागी असतो तर मी तेच केले असते. उलट, फार मायेने केले असते.

तिने विचारले, “तुला ह्यात कुठे पटत नाही?”

“मला काहीच पटत नाही. ह्या बाहेरच्या रेषा कशाला? आमच्या घरच्या पुस्तकात सरळ मधून दुभाजक काढतात.”

“मग हा का काढत नसेल?”

“मला काय माहीत!”

“मलाही माहीत नव्हते. त्याच्याजवळ आतापर्यंत काय काय जमा आहे, मोजू या का?”

दोघींनी मोजले. पहिले प्रमेय: समभुज त्रिकोण कसा काढावा. दुसरे आणि तिसरे: एका रेषेइतकी लांबी दुसरीकडे कशी घ्यावी. चौथे: दोन बाजू आणि मधला कोन सारखा असला की त्रिकोण एकरूप. बस्स. मुलगी पाने उलटीत पुढे गेली. कोन दुभागण्याची रीत सापडली ती नवव्या प्रमेयात. ते नववे उभे आठव्यावर, आठवे सातव्यावर, आणि सातवे? सातवे उभे ह्याच पाचव्यावर!

“म्हणजे दुभाजक काढला तर ती चोरीच झाली की!” मुलगी म्हणाली. “अजून मिळवलेलाच नाही त्याने. त्याच्या खिशात चारच नाणी आहेत!”

आणि ती हसली. नात म्हणाली, “आजोबा, चार नाण्यांचे हे मला सुचले नव्हते. ते तिचे.”

त्यानंतर त्या चार नाण्यांत पूल कसा बांधायचा हे तिने जिन्यावरच, बॅगेवर वही ठेवून, स्वतः रचले. दोनदा चुकली. नात पाहात राहिली. एकदा तिच्या ओठांवर उत्तर आले होते, ते तिने गिळले असे ती म्हणाली. झोपण्याची वेळ केव्हाच टळून गेली होती. सोबतीणच नियम मोडून जिन्यावर बसली म्हणून दुसऱ्या दिवशी तिने जाऊन आपली चूक सांगितली. पण बॅग पुन्हा रिकामी झाली होती.

दुसऱ्या दिवशी मुलीने प्रमेय सिद्ध केले. पण ते करून ती खाली बसली नाही. तिने वर्गाला विचारले, “त्रिकोणाच्या आतली गोष्ट कळायला त्याला त्रिकोणाबाहेर का जावे लागले?” तास त्या प्रश्नावर गेला. जेवणाच्या टेबलावरही वाद चालूच होता. तेव्हा एका मुलाने कागदी रुमाल घेतला, त्याला समद्विभुज त्रिकोणाचा आकार दिला, उचलला आणि पालथा करून म्हणाला, “बाहेर कशाला जायचे? हा उलटा करून त्याच्याच जागी ठेवा. डावी बाजू उजवीवर, उजवी डावीवर. तोच त्रिकोण स्वतःशी एकरूप. झाले!”

नातीने हे मला सांगितले तेव्हा आम्ही घरी अंगणात बसलो होतो. मी एकदम उठून आत गेलो. तिला वाटले, आजोबांना बरे वाटत नाही.

एक जुने देणे

१९८४ च्या सुमाराची गोष्ट. मी नववीला भूमिती शिकवीत होतो. हेच प्रमेय. तिसऱ्या बाकावर किनाऱ्याकडच्या कोळीवाड्यातला एक मुलगा बसे. अंगाला मासळीचा वास येतो म्हणून त्याच्या शेजारी बसायला मुले का-कू करीत. त्याने हात वर केला. “सर, दुभाजक कशाला? त्रिकोण उलटा करून त्याच्यावरच ठेवला तर?”

मी काय म्हणालो ते अक्षर न् अक्षर मला आठवते. “परीक्षेत असे लिहिशील तर भोपळा मिळेल. पुस्तकात आहे तसे लिही.” वर्ग हसला. मीही हसलो असेन. तो खाली बसला. त्यानंतर वर्षभर त्याने हात वर केला नाही. पुढे शाळा सोडून बापाच्या होडीवर गेला, एवढेच मला कळले.

निवृत्त झाल्यावर, नातीने टोचल्यामुळे, मी एकदाचा युक्लिड हाती घेतला. त्यावरच्या टीपांत मला आढळले की, त्रिकोण पालथा घालण्याची ही सिद्धता पॅपस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या गणितीची, चौथ्या शतकातली, आणि भूमितीच्या इतिहासात ती मानाने सांगितली जाते. माझ्या तिसऱ्या बाकावर पॅपस बसला होता. मी त्याला खाली बसविले.

मी वाईट शिक्षक होतो असे मला म्हणावयाचे नाही. माझे निकाल चांगले लागत. वर्गात साठ मुले, डोक्यावर परीक्षा, आणि पोर्शन संपविण्याची घाई. ह्यात दुसरे काय होणार, असे कोणीही म्हणेल, आणि ते खोटे नाही. पण मी वडिलांसारखा पुढे चाललो होतो, कंदील घेऊन, लांब ढांगा टाकीत. माझ्या पायांपुढे लख्ख उजेड होता.

त्या मुलाला त्या दिवशी शिक्षकाची गरज होती असेही आता मला वाटत नाही. त्याला दहावीतला एखादा मुलगा हवा होता. मधल्या सुट्टीत ‘पुन्हा करून दाखव बघू’ म्हणणारा.

गंमत अशी की, ही सोय आपल्या देशात नवी नाही. आमच्या गावठी शाळांतून मोठा मुलगा लहानग्याला धुळीत अक्षरे गिरवायला शिकवी. १७८९ पासून मद्रासेच्या अनाथ मुलांच्या शाळेचा कारभार पाहणाऱ्या अँड्र्यू बेल ह्या पाद्र्याने मलबारी मुले वाळूत लिहून शिकतात हे पाहिले, ती रीत उचलली आणि मुलांकरवीच मुलांना शिकविण्याची पद्धत बसविली. १७९७ मध्ये लंडनला त्याने त्यावर पुस्तिका छापली आणि ‘मद्रास पद्धत’ ह्या नावाने ती इंग्लंडभर पसरली. तेथे मात्र थोरल्या मुलाने धाकट्याकडून पाठ करून घ्यावे, एवढाच तिचा अर्थ उरला. नातीचा जिन्यावरचा वर्ग पाहता, तिने हीच जुनी रीत उलट बाजूने धरली. पाठ केलेले विसरायला लावले आणि पटेल तेवढेच ठेवायला सांगितले. युक्लिडही आपल्याला परका नव्हता. अठराव्या शतकात जयपूरच्या सवाई जयसिंगाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटाने तो अरबीवरून संस्कृतात आणला. ‘रेखागणित’ ह्या नावाने तो ग्रंथ पुढे मुंबईतच छापला गेला. घरात सगळे होते. कोणी तरी शेजारी बसायचे राहिले होते.

निरोप

नातीला आणायला आम्ही शेवटच्या दिवशी गेलो होतो, तेव्हा ती शेतकऱ्याची मुलगी मला भेटली. उंच, उन्हाने तांबूस झालेली, हसरी. तिला कोणी तरी सांगितले होते की, मी भूमितीचा मास्तर. तिने हात मिळविला आणि विचारले, “तुम्हाला कोणती सिद्धता आवडते? युक्लिडची की रुमालाची?”

माझ्या मनात उत्तर तयार होते. पॅपसचे नाव, शतक, गाव, सारे. पस्तीस वर्षांची सवय जिभेच्या टोकाशी येऊन थांबली. शेजारी नात उभी होती. मी म्हणालो, “आधी तू सांग. का आवडते तेही सांग.”

ती वीस मिनिटे बोलली. तिचे वडील मोटार सुरू करून खोळंबले होते. त्या वीस मिनिटांत तिने एक गोष्ट अशी सांगितली जी मला कधी सुचली नव्हती: रुमाल उलटा करायलासुद्धा तो टेबलावरून उचलावा लागतो, म्हणजे बाहेर जाणे काही चुकत नाही.

परतीच्या वाटेवर नात मागच्या सीटवर गाढ झोपली. दोन आठवड्यांची झोप होती ती. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “बाबा, हिला नोकरी लागेल ना हो?” मला उत्तर येत नव्हते. ते त्याला तसेच सांगितले. हा प्रश्न आमच्या घरात अजून सुटलेला नाही, आणि थोर ग्रंथ वाचले की तो आपोआप सुटतो असे मी वाचकांना सांगणार नाही. एवढे मात्र खरे की, त्यानंतर त्याने मागे वळून झोपलेल्या पोरीकडे पाहिले आणि मोटार जरा हळू केली.

मी वसईला परतलो. कोळीवाड्यात जाऊन चौकशी केली. तो मुलगा आता पंचावन्नच्या पुढचा असणार. त्याची होडी विकली, कुटुंब गुजरातेकडे कोठेसे गेले, इतकेच कळले. हे देणे राहिले.

सध्या शेजारची नववीतली मुलगी संध्याकाळी गणिते घेऊन येते. त्यांच्या घरी आकाशकंदील लागला आहे, त्याचा लाल उजेड आमच्या ओट्यावर पडतो. परवा ती तेच प्रमेय घेऊन आली. मी चष्मा पुसला, आकृतीकडे पाहिले आणि काही बोललो नाही. पंचाहत्तराव्या वर्षी ओठांवर आलेले उत्तर गिळणे सोपे नसते.

थोड्या वेळाने ती काळजीच्या सुरात म्हणाली, “आजोबा, तुम्हाला हे येत नाही का?”

“येते गं,” मी म्हणालो. “पण आधी तू सांग, तुला कुठे पटत नाही?”